झडप पडल्यावर

दसरा उलटला की घराघरांतले माळे रिकामे होऊ लागतात. ट्रंका, गाद्या, वर्षभर न लागलेली पातेली खाली येतात आणि त्यांच्याबरोबर उंदराच्या लेंड्याही. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच झालं. अनारशांसाठी भिजवून पंचावर वाळत घातलेल्या तांदळांत सकाळी काळे दाणे दिसले. तांदूळ टाकून दिले आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून चिकट पुठ्ठा घेऊन आले. वहीसारखा उघडायचा, आत पारदर्शक गोंद, गोंदाला शेंगदाण्याचा वास. दुकानदार म्हणाले, "ताई, तुम्हाला काहीच करायचं नाही. रात्री ठेवा, सकाळी दुमडून कचऱ्यात टाका."

सकाळी पुठ्ठ्यावर उंदीर नव्हता. एक चिचुंद्री होती आणि एक पाल. दोघी जिवंत होत्या. चिचुंद्रीनं सुटण्यासाठी इतकी धडपड केली होती की तिच्या पोटाचे केस गोंदाला राहिले होते. चौथीतली माझी मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. "आई, आता काय करायचं?" तिनं विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. मी पुठ्ठा दुमडला, पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली.

नऊ वाजता कचरा न्यायला मावशी आल्या. ओला-सुका वेगळा करताना त्यांनी ती पिशवी उचलली आणि लगेच खाली ठेवली. पिशवी हलत होती. "अशा रोज येतात, ताई," एवढंच त्या म्हणाल्या. बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. मला "काहीच करायचं नाही" असं दुकानदार म्हणाले होते, त्याचा अर्थ तेव्हा कळला. जे करायचं होतं ते मावशींनी करायचं होतं.

घरात उंदीर झाले तर ते घालवावे लागतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो झडप पडल्यानंतरचा. पुढची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न घेऊन मी वाचत गेले, पेस्ट कंट्रोलच्या माणसांशी बोलले, स्वतःच्या घरात पिंजरे लावून पाहिले. त्यातून हाती लागलं ते इथे मांडते.

घरात नेमकं कोण आहे?

आपण सगळ्यांनाच 'उंदीर' म्हणतो, पण घरात येणारे प्राणी निदान चार प्रकारचे असतात. पहिला पिटुकला उंदीर. याचं वजन पंधरा-वीस ग्रॅम. तो पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत शिरतो आणि ओट्यामागे किंवा कपाटात घर करतो. दुसरा काळा उंदीर. लांब शेपटीचा, चढण्यात पटाईत. माळे, छपरं आणि नारळाची झाडं त्याची. तिसरी घूस. ती जमिनीखाली बिळं करते, गटारातून आणि अंगणातून येते, पाया पोखरते. चौथी चिचुंद्री. ती उंदीरच नव्हे. लांबट सोंडेसारखं नाक, बारीक डोळे, उग्र वास आणि भिंतीच्या कडेनं चिकचिक करत धावणं ही तिची ओळख. तिचं मुख्य खाणं झुरळं आणि किडे. तिला मारणारं घर स्वतःच्या पहारेकऱ्यालाच मारतं.

हा फरक कळला नाही तर सापळा चुकतो. पिटुकल्या उंदराला नव्या वस्तूची उत्सुकता असते, तो पहिल्याच रात्री पिंजऱ्यात जाऊ शकतो. काळा उंदीर संशयी. ओळखीच्या वाटेवर काही नवं दिसलं की तो काही दिवस त्याला वळसा घालून जातो. "आमचे उंदीर फार हुशार झालेत, पिंजऱ्याकडे फिरकतसुद्धा नाहीत," ही तक्रार बहुधा त्याच्याबद्दलची असते. त्याच्यासाठी पिंजरा चार-पाच दिवस झडप बांधून उघडा ठेवायचा, आत रोज खाणं ठेवायचं. त्याची भीड चेपली की मग झडप मोकळी करायची.

कोण येतं हे ओळखायला दिवाळीतलीच वस्तू कामी येते. रात्री संशयित जागी, भिंतीलगत, रांगोळीचा पातळ थर पसरावा. सकाळी पावलांची रांग दिसते, शेपटी ओढल्याची रेघ दिसते आणि मुख्य म्हणजे ती रांग कुठून येते व कुठे जाते तेही दिसतं.

परळचे पिंजरे

उंदीर आणि पिंजरा यांच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण आपल्याच मुंबईत घडलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. पुढे प्लेग पुण्यात आला. घरझडत्या, सामानाची जाळपोळ, माणसांना छावण्यांत नेणं आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडली गेलेली गोळी, हा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या सगळ्या धामधुमीत सरकारचा रोख माणसांवर, त्यांच्या घरांवर आणि कपड्यांवर होता. भिंती औषधानं धुतल्या जात होत्या, चुना फासला जात होता. उंदराचा आणि रोगाचा संबंध काय, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगनं आजारी, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. तिथेच जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला, मात्र दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही अशा बेतानं. निरोगी उंदीरही प्लेगनं मेला. मधलं अंतर फक्त पिसूच पार करू शकत होती. सिमाँनं आणखी एक गोष्ट नोंदवली होती. नुकताच मेलेला उंदीर हाताळणं घातक होतं, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर हाताळणाऱ्यांना तसा धोका होत नव्हता. उंदराचं अंग थंड पडलं की पिसवा त्याला सोडून दुसरं गरम अंग शोधतात, हे त्याचं कारण. त्याच सुमारास प्लेगची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानं मात्र या म्हणण्याला फारसं महत्त्व दिलं नाही.

ते महत्त्व मिळायला १९०५ नंतरचं परळ उजाडावं लागलं. आज जी हाफकिन संस्था आहे, त्या प्रयोगशाळेच्या आवारात मुद्दाम लहान खोल्या बांधून त्यांत उंदीर, पिसवा आणि गिनिपिग ठेवले गेले. जमिनीपासून जेमतेम दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या गिनिपिगला प्लेग झाला, दोन फुटांवरचा वाचला. पिसूची उडी तिथवर पोचत नाही. काही पिंजऱ्यांभोवती माश्यांच्या कागदावर असतो तसा चिकट पट्टा ओढला होता. त्यांतले प्राणीही वाचले, कारण पिसवा पट्ट्यावर अडकल्या. रोगट घरांत गिनिपिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा मोजल्या गेल्या. शहरातून पकडून आणलेले हजारो उंदीर परळला तपासले गेले. त्यातून क्रम उलगडला. आधी गटारांतल्या तपकिरी उंदरांत साथ, मग घरातल्या काळ्या उंदरांत आणि त्यानंतर काही दिवसांनी माणसांत.

यातल्या दोन गोष्टी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतात. एक, पिंजऱ्याचा खरा उपयोग माहिती मिळवण्याचा होता. परळच्या पिंजऱ्यांनी रोग कुठून कुठे जातो ते सांगितलं आणि ते कळल्यावरच उपाय सुचू लागले. दुसरी, उंदीर मेला म्हणजे काम संपलं असं नसतं. त्याच्या अंगावरचं ओझं दुसऱ्या कोणाकडे तरी जातं. म्हणूनच आजही प्लेगची साथ असेल तिथे आधी पिसवांचा बंदोबस्त आणि मग उंदरांचा, असाच क्रम सांगितला जातो. हे केवळ जुनं पुराण नव्हे. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभरात, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला आणि पाठोपाठ सुरतेत साथीची घबराट पसरली. भूकंपाच्या भीतीनं लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य पडून होतं आणि त्यावर उंदीर माजले, असं तेव्हा सांगितलं गेलं.

त्या काळातली आणखी एक घटना विसरू नये. १९०२ च्या सुमारास फ्रेंचांच्या ताब्यातल्या हनोई शहरात उंदरामागे बक्षीस जाहीर झालं. पुरावा म्हणून शेपटी आणायची. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडू लागले, आणि कोणी तर शेपट्यांसाठी उंदीर पाळू लागलं. किती मारले याचा आकडा आणि किती उरले याचा आकडा, यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही.

विष, गोंद, चाप आणि पेटी

आता बाजारात मिळणाऱ्या साधनांकडे येऊ. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा. याचा परिणाम माझ्या दाराशी संपतो, की दुसऱ्याच्या दारी जातो?

विष सगळ्यांत लांब जातं. झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यावर विषारी वायू तयार होतो. ब्रोमाडायोलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत. ती खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, तोवर मंदावलेल्या चालीनं हिंडत राहतो. असा उंदीर मांजराला किंवा गव्हाणी घुबडाला आयताच मिळतो आणि विष त्यांच्या अंगात उतरतं. लक्ष्मीच्या वाहनाला आपण दिवाळीतच घरबसल्या विष घालतो, हे ध्यानात येत नाही. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट तर माणसाचं यकृत निकामी करते. पावावर लावून ठेवलेली ती पेस्ट लहान मुलाच्या हाती लागली, तर पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही आणि तोवर वेळ गेलेली असते. शिवाय विषानं मेलेला उंदीर बहुधा माळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत मरतो. तो कुठे आहे, हे वासावरूनच कळतं.

गोंदाबद्दल सुरुवातीला सांगितलंच. गोंद मारत नाही, धरून ठेवतो. मरण येतं ते थकवा, तहान किंवा गुदमरण्यानं, काही तासांनी किंवा दिवसांनी. त्याला उंदीर, चिमणी, पाल, सापाचं पिल्लू, सगळे सारखे. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि प्राण्याला विनाकारण यातना देणं हा त्यात गुन्हा आहे. त्याच आधारावर पशुकल्याण मंडळानं २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये राज्यांना हे पुठ्ठे रोखण्याबद्दल कळवलं. वेल्समध्ये २०२३ पासून त्यांवर बंदी आहे. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून परवान्याशिवाय ते वापरणं गुन्हा आहे. आपल्याकडे अजूनही ते साबणाच्या वड्यांशेजारी टांगलेले दिसतात.

चापाचा सापळा दिसायला सगळ्यांत क्रूर. लाकडाची पट्टी, वर स्प्रिंग, आमिषाला धक्का लागला की दांडी आपटते. याचे आजचे नमुने अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात, म्हणजे मुंबईत प्लेग आला त्याच सुमारास तयार झाले. सापळा चांगल्या ताकदीचा, नेमक्या मापाचा आणि नीट लावलेला असेल तर मरण क्षणात येतं. ढिल्या स्प्रिंगचा असेल, किंवा पिटुकल्यासाठीच्या सापळ्यावर मोठा उंदीर आला, तर पाय किंवा जबडा अडकून प्राणी तासन्‌तास तडफडतो. म्हणून स्वस्तातला सापळा घेऊ नये. तो भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून लावावा, कारण उंदीर भिंतीला घासून चालतो. आमिष वाटाण्याएवढंच असावं आणि पट्टीला घट्ट बसवलेलं असावं. मुलं, मांजरं आणि पाली यांच्यापासून तो दूर राहावा म्हणून दोन्हीकडून लहान भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी खोक्यात ठेवावा. एकच सापळा महिनाभर लावून ठेवण्यापेक्षा पाच-सहा सापळे चार रात्री लावणं अधिक उपयोगाचं.

आणि शेवटी आपला ओळखीचा पिंजरा. कोकणात आजीकडे लाकडी पेटीचा होता. एका टोकाला झडप, दुसऱ्या टोकाला जाळी, आत आकड्याला सुक्या बोंबलाचा तुकडा. रात्री 'खट्' वाजलं की अंथरुणातून आजीचा आवाज यायचा, "पडला गो!" सकाळी चूल पेटवायच्या आधी ती पिंजरा बघायची. हा नियम कधी चुकला नाही. मग आजोबा पिंजरा घेऊन पऱ्यावर जायचे आणि पाण्यात बुडवायचे. आठवणीत ते सारं गोड वाटतं, पण पिंजऱ्यातल्या उंदराला त्यात काहीच गोड नव्हतं.

पिंजरा लावण्याआधी ठरवायचं

जिवंत पकडणारा पिंजरा दयाळू आहे, असा समज आहे. तो दयाळू असतो की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरतं. शहरात सर्रास काय होतं? पिंजरा पिशवीत घालून स्कूटरवरून नाल्यापलीकडे, नदीच्या पुलावर किंवा टेकडीच्या पायथ्याशी नेला जातो आणि झडप उघडली जाते. मनाला बरं वाटतं. पण अनोळखी जागी सोडलेल्या उंदराला बीळ नसतं, खाण्याची जागा माहीत नसते आणि आसपास कुत्री, मांजरं, कावळे असतात. बहुतेक लवकरच मरतात. जे वाचतात ते जवळच्या वस्तीत शिरतात. नाल्यापलीकडची ती वस्ती बहुधा आपल्या वस्तीपेक्षा गरीब असते.

पाण्यात बुडवणं हाही मार्ग नव्हे. पशुवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत बुडवून मारण्याला मान्यता नाही, कारण ते मरण जलदही नाही आणि वेदनाहीनही नाही. पिंजऱ्यात पकडून बुडवण्यापेक्षा चांगल्या चापाचं मरण उंदराला कमी क्लेशाचं, असं म्हणावं लागतं.

तेव्हा आधी ठरवायचं आणि मगच पिंजरा आणायचा. घरात एखाददुसरा पिटुकला उंदीर असेल आणि तो कुठून आला ते सापडलं असेल, तर पिंजरा ठीक. ती वाट बुजवायची आणि पकडलेला उंदीर त्याच आवारात, संध्याकाळी, झाडोऱ्याच्या आडोशाला सोडायचा. चिचुंद्री सापडली तर ती तशीच सोडायची. पण उंदरांचं बिऱ्हाड झालं असेल, घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर जिवंत पकडण्याचा आग्रह धरू नये. चांगला चाप लावावा, किंवा प्रशिक्षित माणसाला बोलवावं. मुंबईत महापालिकेचं कीटकनाशक खातं हे काम करतं. तिथले कर्मचारी रात्री गल्ल्यांमधून हातात काठी घेऊन उंदीर मारत हिंडतात. आपण झोपलेलो असताना कोणीतरी हे काम करत असतं, हेही ध्यानात ठेवावं.

पिंजरा लावला की सकाळ-संध्याकाळ पाहायचाच. गावाला जायचं असेल तर झडप बांधून ठेवायची. पिटुकल्या उंदराला थोड्या थोड्या वेळानं खावं लागतं. रिकाम्या लोखंडी पिंजऱ्यात तो एका थंड रात्रीतही दगावू शकतो. म्हणून आत पुरेसं खाणं आणि मूठभर कागदाचे तुकडे ठेवावेत. उंदीर अडकल्यावर पिंजऱ्यावर कापड टाकावं, तो शांत होतो. सापडलेल्या मादीचे आचळ ठळक दिसत असले तर जवळच कुठेतरी पिल्लं आहेत असं समजावं आणि ती शोधावीत. नाहीतर चार दिवसांनी माळ्यावरून वास येतो आणि त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो.

हाताळणीची काळजी ही स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठीही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिस हा शब्द घरोघरी पोचला. उंदराच्या लघवीतून येणारे जंतू पाण्यातून, पायाच्या जखमेतून अंगात जातात. म्हणून हातमोजे घालावेत. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. आधी जंतुनाशकाच्या पाण्यानं भिजवून, मग कागदानं उचलाव्यात. मेलेला उंदीर दोन पिशव्यांत बांधावा. आवारात माती असेल तर खोल पुरावा. कचऱ्यात द्यायची वेळ आलीच, तर पिशवी वेगळी ठेवून त्यावर ठळक लिहावं आणि नेणाऱ्या व्यक्तीला तोंडानं सांगावं. त्यांचे हात उघडे असतात.

भोक

इतकं सगळं करूनही भोक उघडं राहिलं, तर पिंजरा म्हणजे न संपणारी शिक्षा. पिटुकल्या उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत वितं आणि पाच-सहा पिल्लं होतात. दोन महिन्यांत त्या पिल्लांनाही पिल्लं होऊ शकतात. आपण दर आठवड्याला एक पकडत राहिलो, तर नव्यांसाठी जागा करून देतो, एवढंच.

जुन्या लोकांना हे माहीत होतं. कणगी दगडांवर उचलून ठेवायची, शेणमातीनं लिंपायची. माडाच्या बुंध्याला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा ठोकायचा, म्हणजे उंदराची नखं सरकतात. यात कोणालाच मारायचं नव्हतं. आपल्या घरात याचीच रूपं शोधायची. ओट्याखालच्या पाइपाभोवतीची फट तारेचा काथ्या भरून सिमेंटनं बुजवायची. मोरीच्या तोंडाला जाळी लावायची. दाराखालची फट पट्टीनं बंद करायची. धान्य झाकणाच्या डब्यात ठेवायचं. मांजराची ताटली रात्री उचलायची. ओल्या कचऱ्याला झाकण ठेवायचं. फक्त बुजवण्यापूर्वी आत कोणी उरलं नाही ना, ते रांगोळीनं तपासायचं.

आमच्याकडे रांगोळीवरच्या पावलांची रांग गॅसच्या पाइपामागे जाऊन संपली होती. तिथे अंगठा जाईल एवढं भोक होतं. वर्षानुवर्षं होतं, कोणी वाकून पाहिलंच नव्हतं. दोन चाप चार रात्री लावले, तीन पिटुकले उंदीर मेले. त्यांना मीच आवारातल्या तगरीखाली पुरलं. मग तीन रात्री रांगोळी कोरी राहिली आणि गवंड्यानं पंधरा मिनिटांत भोक बुजवलं.

यंदा अनारशांचे तांदूळ त्याच पंचावर वाळले. मुलगी आता सातवीत आहे. तिच्या त्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला उशिरा दिलं. सापळा लावायच्या आधी जे विचारायला हवं होतं, ते तू नंतर विचारलंस, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "पण आई, सापळा तू लावला होतास."

मावशी अजून नऊ वाजता येतात. दिवाळीला त्यांना फराळाचा डबा देते. त्याबरोबर या वर्षी हातमोजेही दिले.